‘पुण्याला हात लागणार नाही’

सोमवार, १६ जानेवारी २०२३. आदल्या दिवशी संक्रांत होती, म्हणून मी तिळाच्या वड्यांचा डबा ऑफिसात नेला होता. हिंजवडी फेज दोन. टीममधल्या चौदांपैकी नऊ जण त्या दिवशी आले होते. वड्या वाटून झाल्या आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा, लातूरचा मुलगा, ज्याचं डिसेंबरातच लग्न झालं होतं, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, खरं सांगा, आपल्याकडं पण कपात होणार आहे का?"

मी म्हटलं, "पुण्याला हात लागणार नाही. मी स्वतः विचारून आलेय."

विचारून आले होते, हे खरं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले होते आणि त्यांनी हेच शब्द वापरले होते. मी ते तसेच पुढे दिले. त्यांना तेव्हा माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. मुलांनी मात्र ते वाक्य डायरेक्टरांचं म्हणून ऐकलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते माझं होतं.

कंपनी अमेरिकेतली. तिथल्या दवाखान्यांची बिलं ज्या सॉफ्टवेअरमधून विमा कंपन्यांकडे जातात, त्याचं टेस्टिंग, म्हणजे त्यातल्या चुका शोधायचं काम, आमच्याकडे होतं. मी २०१२ मध्ये साधी टेस्टर म्हणून लागले आणि हळूहळू मॅनेजर झाले. २०२१ मध्ये मीच पाच जणांना घेतलं. ते वर्ष आयटीत ज्यांनी काढलं त्यांना आठवत असेल. एकेका उमेदवाराच्या हातात तीन-तीन ऑफर लेटर असायची, आणि नव्वद दिवस वाट बघायला लावून ऐन रुजू व्हायच्या दिवशी माणूस फोन उचलायचा नाही. लातूरच्या मुलाला तर मी दोनदा फोन केला होता, ‘दुसरीकडे जाऊ नकोस, इथे नीट शिकायला मिळेल.’ त्या काळात अमेरिकेतले व्याजदर शून्याच्या आसपास होते. मार्च २०२२ पासून ते चढायला लागले आणि डिसेंबरात ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर गेले. फुकटासारख्या मिळणाऱ्या पैशावर केलेल्या भरतीचा हिशेब मग सगळीकडे मागितला जाऊ लागला. नोव्हेंबरात मेटानं ११,००० माणसं कमी केली. आमच्या तिळगुळानंतर दोनच दिवसांनी मायक्रोसॉफ्टनं १०,००० चा आकडा जाहीर केला आणि त्याच शुक्रवारी गूगलनं १२,००० चा. त्या आठवड्यात कँटीनमध्ये लोक जेवताना ताटाकडे कमी आणि फोनकडे जास्त बघत होते.

आमच्याकडे चिन्हं दिवाळीनंतरच दिसायला लागली होती. सोडून गेलेल्यांच्या जागा भरायच्या नाहीत. परदेश दौरे बंद. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक एक्सेल शीट आली.

त्या शीटबद्दल मला नीट सांगायचं आहे. डाव्या बाजूला नावं. मग कंपनीतली वर्षं आणि सध्याचं काम. मग पाच रकाने, प्रत्येकात एक ते पाच गुण द्यायचे: प्रॉडक्टची माहिती, मॅन्युअल टेस्टिंग (हातानं तपासणं), नवीन ऑटोमेशन टूल (आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर), क्लायंटशी बोलणं, आणि शेवटचा ‘पुढच्या सहा महिन्यांतली गरज’. सोबतच्या मेलमध्ये लिहिलं होतं की पुढच्या वर्षीचं ट्रेनिंगचं बजेट ठरवायचंय, म्हणून प्रामाणिकपणे भरा.

मी एक अख्खी संध्याकाळ घालून प्रामाणिकपणे भरली.

टीममध्ये माझी एक जुनी सहकारी होती, नऊ वर्षं झालेली. हुद्दा सीनियर टेस्ट लीड. बिलिंगचे नियम अमेरिकेतल्या लोकांपेक्षा तिला जास्त पाठ होते. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती नोव्हेंबरात परतली होती. नेमक्या त्या सहा महिन्यांत आम्ही नवं ऑटोमेशन टूल घेतलं होतं, ते तिला येत नव्हतं, येणं शक्यच नव्हतं. मी त्या रकान्यात तिला २ दिले. तिच्यासाठी ट्रेनिंगमधली एक जागा पक्की व्हावी, असं डोक्यात ठेवून दिले. चार-पाच देऊन ठेवले असते तर तिला ट्रेनिंग कोण देणार होतं?

८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी साडेनऊला चौघांच्या कॅलेंडरवर ‘क्विक सिंक’ नावाचं पंधरा मिनिटांचं आमंत्रण आलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या मीटिंग रूम्सना किल्ल्यांची नावं होती. आमंत्रणात ‘तोरणा’ होतं. पहिला मुलगा आत गेला, अकरा मिनिटांनी बाहेर आला आणि जागेवर येऊन त्यानं लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. तो मला म्हणाला, "मॅम, माझा अ‍ॅक्सेस गेलाय का बघता?" त्यालाही अजून पुरतं उमगलं नव्हतं. मी डायरेक्टरांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. तोवर दुसरी आत गेली होती. तिसरी माझी ती जुनी सहकारी.

बाहेर आल्यावर तिनं मला सांगितलं ते असं. आत एचआरची एक मुलगी, पंचविशीतली, समोरच्या कागदावरून वाचत होती. स्क्रीनवर अमेरिकेतली एक बाई, कॅमेरा बंद. पुनर्रचनेमुळे तुमची जागा राहिलेली नाही. दोन पर्याय आहेत. आत्ता राजीनामा दिलात तर नोटीस पिरियडचा पगार अधिक दोन महिन्यांचा पगार, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ. दिला नाहीत तर आम्ही काढणार, मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ‘टर्मिनेटेड’ दिसेल. विचार करायला वेळ? याच मीटिंगपुरता. घरी फोन करू का, असं तिनं विचारलं. ती मुलगी म्हणाली, "मीटिंग संपेपर्यंत नाही करता येणार." तिनं सही केली. बाळाला दूध पाजायची वेळ झाली होती आणि आपल्याला फक्त त्या खोलीबाहेर पडायचं होतं, असं ती म्हणाली.

तिचं सामान मी खाली टॅक्सीपर्यंत नेलं. एका पिशवीत मावेल एवढंच होतं. तेव्हा मी तिला शीटबद्दल काहीच बोलले नाही, कारण शीटचा आणि याचा संबंध आहे हे मला दुपारी तीन वाजता कळलं. डायरेक्टरांनी शेवटी मला बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर माझीच शीट होती, फक्त रकान्यांच्या उजवीकडे एक बेरीज आली होती आणि चार ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. नव्या टूलच्या रकान्याला दुप्पट वजन दिलं होतं. मी म्हटलं, "हे तर ट्रेनिंगसाठी होतं ना?" ते म्हणाले, "डेटा तोच असतो, उपयोग बदलतो." दहा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काम केलं होतं, माझ्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीला ते दवाखान्यात आले होते. त्यांचाही नाइलाज असेल. पण ते वाक्य मी विसरू शकत नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. मंदी, ले-ऑफ, व्हीआरएस सगळं त्यांनी बघितलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यादी लावली होती का?"

"कसली यादी?"

"सीनियॉरिटीची. नोटीस बोर्डावर. कपात करायची तर सात दिवस आधी लावावी लागते. शेवटी आलेला आधी जातो. आम्ही भांडलो, शिव्या घातल्या, पण आपला नंबर कितवा आहे ते गेटवर दिसायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्याकडे दिसत कसं नाही काही?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत आमच्या टीमचं जे झालं ते बाबांच्या या प्रश्नात होतं. माणसं कमी झाली, तेही वाईटच, चौघांचं काम दहांवर पडलं. पण कोण का गेलं हे कुणालाच सांगितलं गेलं नाही. आणि कारण सांगितलं नाही की राहिलेला प्रत्येक जण आपलं आपलं कारण शोधून काढतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो.

एकाला वाटलं, घरून काम करणारे गेले. मग तो रोज ऑफिसला यायला लागला, मेट्रोच्या खांबांच्या कामात भूमकर चौकापासून तासभर अडकून, ताप असतानासुद्धा. एकीनं ठरवलं की ज्यांचा पगार जास्त ते गेले. एप्रिलमध्ये मी तिचं प्रमोशनसाठी नाव दिलं तर ती माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅम, या वर्षी नको ना." एकानं स्वतःच्या दहा वर्षांच्या अप्रेजलच्या मेल्स छापून घरी नेऊन ठेवल्या. दोघांनी, जी माहिती पूर्वी ते सगळ्यांसाठी लिहून ठेवायचे ती लिहिणं बंद केलं, कारण जे आपल्याच डोक्यात आहे तेवढंच आपल्याला वाचवेल.

सकाळच्या कॉलवर पूर्वी कुणीही सहज म्हणायचं, ‘हे मला जमत नाहीये, कुणी बघता का?’ फेब्रुवारीनंतर ते वाक्य मी ऐकलं नाही. सगळ्यांचं सगळं ‘ऑन ट्रॅक’. मी सुरुवातीला याला शिस्त समजले. मार्चअखेर एक रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, गेलं आणि तीन दिवसांत अमेरिकेतून ओरड आली: रुग्णानं स्वतः भरायची रक्कम काही बिलांमध्ये दोनदा धरली जात होती. माणसांच्या घरी चुकीची बिलं गेली होती. शोध घेतला तेव्हा कळलं की आमच्या एका मुलाला हे रिलीजच्या आधीच दिसलं होतं. त्यानं तो बग, म्हणजे ती चूक, नोंदवला नव्हता.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. रागानंच विचारलं. तो म्हणाला, "फेब्रुवारीत जे गेले त्यांच्या नावावर किती बग उघडे होते, ते मी मोजलं होतं. सगळ्यांचे दहाच्या वर होते. माझे नऊ झाले होते."

हा मुलगा वाईट टेस्टर नव्हता. अंधारात चाचपडून त्याला एक आकडा सापडला होता आणि तो त्याला धरून बसला होता. तो आकडा चूक होता, कारण खरा आकडा माझ्या शीटमध्ये होता. पण हे त्याला सांगायचं म्हणजे शीट मी भरली हे सांगावं लागलं असतं. मी नाही सांगितलं.

तोरणा रूम कुणी बुक करेना. बाकीच्या सगळ्या रूम्स भरलेल्या असल्या तरी लोक जिन्यात उभं राहून कॉल घ्यायचे. ‘क्विक सिंक’ हे दोन शब्द मी आमंत्रणात लिहिणं बंद केलं आणि विषय नसलेलं आमंत्रण पाठवायचं नाही असं ठरवलं. तरीही एकदा घाईत एकीला पाठवलं गेलं, तर ती मीटिंगला आली तेव्हा बॅग भरून, चार्जर गुंडाळूनच आली होती.

जेवणाचं टेबल मोडलं. आम्ही आठ-नऊ जण रोज एकत्र डबे उघडायचो, कुणाच्या डब्यात काय असणार हे वारानुसार माहीत असायचं. आता दोघं-दोघं खायला लागली. कुणीतरी कुणाचं बोलणं वर पोचवतं अशी कुजबुज होती. कोण, ते ठरत नव्हतं, त्यामुळे सगळेच संशयित. मी टेबलाशी गेले की बोलणं थांबायचं. हे मला फार लागलं. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबवलंच असतं.

आणि त्यात मे महिन्यात ‘एंगेजमेंट सर्व्हे’ आला. मन मोकळं करा, नाव गुप्त राहील. टीममधल्या एकीनं मला विचारलं, "प्रत्येकाला लिंक वेगळी आलीय. मग नाव गुप्त कसं राहील?" मी एचआरला विचारलं. पाचपेक्षा लहान गटाचा अहवाल मॅनेजरला दिसत नाही, एवढंच उत्तर आलं, लिंकचं काही नाही. दहापैकी तिघांनी तो भरला. तिघांनीही सगळीकडे पाचपैकी पाच दिले होते. त्या मुलांचं मनोधैर्य उत्तम असल्याची स्लाइड वरच्यांनी पुढच्या टाउनहॉलमध्ये दाखवली.

दुसरी फेरी जूनमध्ये येणार हे मला मेअखेरीस कळलं. या वेळी डायरेक्टरांनी आधी सांगितलं: दोन नावं, शुक्रवारपर्यंत, आणि कुणाशी बोलायचं नाही. मी निकष लेखी मागितले. मिळाले नाहीत. मी नावं दिली नाहीत, आणि हे काही शौर्य म्हणून सांगत नाहीये, कारण त्यांच्याकडे डिसेंबरची शीट होतीच, त्यांनी त्यातून बेरजा खालून मोजल्या. पण सोमवारी मी टीमला एकत्र बसवलं आणि म्हटलं, "जानेवारीत मी तुम्हाला जे सांगितलं ते मी सांगायला नको होतं, कारण मला माहीत नव्हतं. आता मला एवढं माहीत आहे की अजून एक फेरी आहे. कोण, ते ठरवण्यात मी नाही. कुणालाही मी भरवसा देऊ शकत नाही. बाहेर मुलाखती चालू असतील तर चालू ठेवा, मला सांगायची गरज नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लातूरचा मुलगा म्हणाला, "ताई, हे जानेवारीत बोलला असता तर बरं झालं असतं." एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो जुलैमध्ये स्वतःहून दुसरीकडे गेला. जूनच्या फेरीत आमची दोन माणसं गेली, आणि तोरणामध्ये कागद वाचणारी ती एचआरची मुलगीही. ती लिफ्टपाशी एकटी उभी होती. कुणी तिच्याशी बोललं नाही. मीही नाही बोलले, आणि त्याची मला लाज वाटते.

इकडे माझ्या जुन्या सहकारीनं मार्चमध्येच कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार केली होती. तिला तिथे जायला सांगितलं ते माझ्या बाबांनी. ती म्हणत होती, "काका, आम्ही कुठे कामगार?" आयटीतल्या बहुतेकांना असंच वाटतं. पण औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा माणूसही कामगारच धरला आहे. व्याख्येबाहेर जातो तो मुख्यतः व्यवस्थापनाचं किंवा प्रशासनाचं काम करणारा, आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार असलेला सुपरवायझर. आणि हुद्द्याच्या नावावर ते ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. ती ‘लीड’ होती, पण कुणाची एका दिवसाची रजासुद्धा मंजूर करायचा तिला अधिकार नव्हता. दिवसभर ती टेस्टिंगच करायची.

मग मला कळलं की राजीनाम्यावर एवढा जोर का असतो. वर्षभर तरी सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, सरकारला कळवावं लागतं. तिच्या नऊ वर्षांचे १३५ दिवस होतात, म्हणजे साडेचार महिने. शिवाय त्याच प्रकारचं काम करणाऱ्यांत शेवटी आलेल्याला आधी काढायचं, आणि तसं केलं नाही तर त्याची कारणं नोंदवायची. आमच्याकडे २०२१ आणि २०२२ मध्ये आलेले दोन टेस्टर राहिले होते. पण माणसानं ‘स्वतःहून’ राजीनामा दिला की ती कपातच राहत नाही. अकरा मिनिटांची ती सही साडेचार महिन्यांच्या जागी दोन महिने करून गेली, आणि विचारायचा हक्कही घेऊन गेली. (तेव्हा १९४७ चा कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, तेव्हा आता कुणावर ही वेळ आली तर कलमं नव्यानं बघून घ्या.)

तिनं एक गोष्ट फार बरी केली होती. त्याच रात्री, बाळ झोपल्यावर, स्वतःच्या ईमेलवरून एचआरला लिहिलं होतं: आज मला अमुक वाजता बोलावलं, असं असं सांगितलं, वेळ दिला नाही, घरी फोन करू दिला नाही, म्हणून सही केली. चारच ओळी. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी फाइल उघडल्यावर आधी तो मेल मागितला. आणि एकट्या माणसाला नोकरीवरून काढल्याचा वाद युनियनशिवायही चालवता येतो, हेही त्यांनीच सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या कॅलेंडरवर आमंत्रण आलं. विषय होता. ‘ऑर्ग अपडेट’. मी आत जातानाच ठरवलं होतं की आज कशावरही सही करायची नाही. कागद घरी नेऊन वाचते, म्हटलं. कुणी अडवलं नाही. फेब्रुवारीतल्या मुलांना हे कुणी सांगितलं असतं तर!

मी मॅनेजर, त्यामुळे कामगाराच्या व्याख्येत बसत नव्हते. माझ्या हातात करारातला नोटीस पिरियड आणि ग्रॅच्युइटी. बेसिक ७०,०००, भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११ वर्षं: ४,४४,२३१ रुपये. पाच वर्षं झालेल्यांचा तो हक्कच आहे, कुठल्याही सहीवर अवलंबून नाही आणि तीस दिवसांत द्यावी लागते, तरी ती ‘पॅकेज’मध्ये धरून आकडा मोठा दाखवला होता. ते मी वेगळं काढून लिहायला लावलं. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीकडून भरून घेतली. बाबांचा विमा माझ्या ग्रुप पॉलिसीत होता, तो शेवटच्या दिवशी संपणार होता. स्टेंट असलेल्या सत्तरीच्या माणसाला नवी पॉलिसी मिळवताना काय होतं ते मी वेगळं लिहीन. पॉलिसी चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायला अर्ज केला, हे सर्वांत महत्त्वाचं काम होतं आणि ते मला सगळ्यात शेवटी सुचलं होतं.

आणि एक वेगळा कागद होता. दोन महिन्यांचा जास्तीचा पगार, त्याच्या बदल्यात कंपनीविरुद्धच्या कुठल्याही दाव्यात कुणाला मदत करायची नाही, कामकाजातली कुठलीही माहिती द्यायची नाही. सही करायला एकवीस दिवस.

त्या एकवीस दिवसांत तिची तारीख होती. शिवाजीनगरला मी तिच्या सोबतीला गेले, कारण बाळाला कुणाकडे ठेवायची सोय झाली नव्हती. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. बाळ माझ्या मांडीवर, माझी पर्स ओढत होतं आणि त्या पर्समध्ये तो कागद होता. आत कंपनीचे वकील पोचले होते. तिच्या वकिलांनी तिला सांगितलं होतं की कंपनीचं म्हणणं एकच आहे: निवड गुणवत्तेवर झाली, तिचे गुण कमी होते.

ती म्हणाली, "कसले गुण? मला कधीच कुणी गुण दाखवले नाहीत. नऊ वर्षांत एक अप्रेजल खराब नाही माझं."

मी तिला सांगितलं. डिसेंबर, शीट, ट्रेनिंगचं बजेट, पाच रकाने. "टूलच्या रकान्यात मी तुला २ दिले होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. बाळानं पर्सची चेन उघडली आणि मी ती पुन्हा लावली.

"बाकीच्या रकान्यांत?"

"पाच, पाच, चार, पाच."

तिनं मान वळवली. समोर लोक आपापल्या फायली घेऊन उभे होते, त्यांच्याकडे बघत तिनं डोळे पुसले. मग पिशवीतून वही काढली, मधलं एक कोरं पान फाडलं आणि पेनसह माझ्यापुढे धरलं.

"हे लिहून देशील? सही आणि तारखेसकट?"

मी बाळ तिच्याकडे दिलं. वही मांडीवर घेऊन लिहायला लागले: डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात मला एक शीट भरायला सांगण्यात आलं. ती प्रशिक्षणासाठी आहे असं मेलमध्ये लिहिलेलं होतं. अक्षर वाकडं येत होतं, म्हणून ती म्हणाली, "सावकाश लिही. अजून आपलं नाव पुकारलेलं नाही."